उंचावलेल्या गाड्या आणि पोटाखालचा न दिसणारा दांडा

पावसाळा सरला की कुळे येथून दूधसागरच्या पायथ्याकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर जीपगाड्यांची वर्दळ पुन्हा सुरू होते. किनारी भागात काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या, छप्पर उघडे टाकलेल्या थार भाड्याने फिरू लागतात. या दोहोंखेरीज एक तिसरा वर्गही गेल्या काही वर्षांत राज्यात ठळक झाला आहे. स्वतःची गाडी दोन-तीन इंच उंच करून, मोठे टायर चढवून, सुटीच्या दिवशी सत्तरी-सांगेच्या रानवाटा धुंडाळणाऱ्या हौशी मालकांचा हा वर्ग. आजच्या अशा बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली एक पोलादी दांडा असतो. त्याला स्वे बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. गॅरेजात त्याचे नाव ‘स्टॅबिलायझर’. हा दांडा जाड करणे, त्याचे सांधे बदलणे किंवा तो सरळ सोडवून ठेवणे ही ऑफरोडिंगच्या जगात नित्याची बाब आहे. मात्र त्या बदलामुळे गाडी अधिक सुरक्षित झाली की अधिक धोकादायक, हे पाहणारी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही. कायदा आहे; पण तो चांगल्या बदलाला आणि वाईट बदलाला एकाच मापाने मोजतो आणि प्रत्यक्षात दोन्हींकडे काणाडोळा करतो.

दांड्याचे काम समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट उमगत नाही. स्वे बार हा इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशमध्ये बसवून चासीला जोडलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडमार्फत डाव्या व उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर-खाली झाली, उदाहरणार्थ गतिरोधकावरून जाताना, तर दांडा बुशमध्ये नुसता फिरतो. काहीच करत नाही. पण वळणावर गाडी एका बाजूला कलते, बाहेरचे चाक दबते आणि आतले सुटते, तेव्हा त्या दांड्याला पीळ बसतो. त्या पिळाचा विरोध गाडीचा कल आवरून धरतो. म्हणजे ही एक स्प्रिंगच, पण वजन न पेलणारी, केवळ दोन चाकांतल्या फरकाला विरोध करणारी.

डांबरी रस्त्यावरचा हा गुण रानात अवगुण ठरतो. ओढ्यातल्या दगडावर एक चाक चढले की त्याच्या जोडीचे चाक खाली लोंबून जमीन शोधायला हवे. दांडा नेमका त्यालाच विरोध करतो आणि दुसऱ्या चाकालाही वर खेचतो. चाक अधांतरी राहिले की साध्या डिफरन्शियलमधून सगळी ताकद त्या फिरत्या चाकाकडे पळते आणि गाडी जागच्या जागी चाक फिरवत बसते. म्हणून खडकाळ वाटेवर जाणारे चालक दांडा सोडवतात. यात वेडेपणा काही नाही, उलट त्यामागे पक्के यंत्रशास्त्र आहे. ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीला कल आवरणाऱ्या दांड्याची गरज कमी आणि चारही चाके जमिनीला टेकलेली असण्याची गरज जास्त असते. आडव्या उतारावर मात्र हाच सैलपणा घातक ठरू शकतो, हेही अनुभवी चालक जाणतात.

मोठ्या कंपन्यांनी या पेचावर उत्तर शोधून काढले आहे. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत २००७ च्या मॉडेलपासून पुढचा स्वे बार बटण दाबून सोडवता येतो. ती सोय गाडी फोर-व्हील ड्राइव्हमध्ये असतानाच चालते आणि वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या पुढे गेला की दांडा आपोआप पुन्हा जोडला जातो. फोर्डने २०२१ च्या ब्रॉन्कोत अशीच व्यवस्था हायड्रॉलिक पद्धतीने दिली. टोयोटाने तर याहून आधी, लँड क्रुझर आणि तिच्या भावंडांत, दोन्ही दांड्यांना तेलाच्या नळ्यांनी जोडून गाडीलाच रस्ता आणि रान यांतला फरक ओळखू दिला. या साऱ्यांत एक समान धागा आहे: दांडा सोडवण्याचे स्वातंत्र्य चालकाला द्यायचे, पण तो विसरला तर यंत्राने जोडून घ्यायचे.

आपल्याकडे ही सोय रुबिकॉनसारख्या अर्ध्या कोटीच्या पलीकडच्या गाडीपुरतीच पोहोचली आहे. नाशिकला तयार होणाऱ्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नव्या रूपात बाजारात आलेल्या थारमध्ये पुढे आणि मागे असे दोन स्टॅबिलायझर बार आहेत. दोन्ही कायमचे जोडलेले. रस्त्यावर चालवण्यासाठी ते योग्यच आहे, कारण थार घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती रस्त्यावरच चालवतात. पण ज्याला रानात जायचे आहे त्याच्यापाशी पाना आणि फिटर यांखेरीज मार्ग उरत नाही.

येथून खरी गुंतागुंत सुरू होते. गाडी उंच करण्याचा संच बसवला की चासी आणि चाक यांतले अंतर वाढते. मूळ लिंक रॉड आखूड पडतात, दांडा तिरपा ओढला जातो, बुश पिळवटतात. योग्य उपाय म्हणजे वाढलेल्या उंचीच्या हिशेबाने लांब लिंक रॉड बसवणे. स्वस्त उपाय म्हणजे लिंक रॉड काढून ठेवणे. दुसरा उपाय कुठल्याही गॅरेजात होऊ शकतो, त्याला सुटा भाग लागत नाही, वर ‘आता गाडी मऊ चालते’ असे समाधानही मिळते. गाडी मऊ चालते हे खरेच आहे. खड्ड्यांत एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत जात नाही. त्यामुळे चालकाला आपण काही बिघडवले आहे असे वाटतच नाही, आणि धोक्याची पहिली जाणीव होते ती थेट वळणावर.

हा धोका किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याची शक्यता ठरवताना एक गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. समजा रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर आहे. उत्तर येते १.००. ती गाडी पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, उंच केली की उत्तर ०.९४ वर घसरते. आकडा लहान दिसतो. पण सर्वसाधारण मोटारींचे गुणोत्तर १.३ ते १.५ च्या घरात असते, हे लक्षात घेतले की उंच गाडीपाशी मुळात शिल्लक किती थोडी असते ते कळते. शिवाय हे गुणोत्तर गाडी कलणारच नाही असे गृहीत धरून काढलेले आहे. प्रत्यक्षात गाडी कलते तेव्हा गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला सरकतो आणि शिल्लक आणखी घटते. तो कल आवरणारा दांडाच काढून टाकला तर गाडीची उंची आणि तिचा सैलपणा, दोन्ही मिळून एकाच दिशेने काम करू लागतात.

याच्या उलट दुसरे टोक आहे: दांडा जाड करणे. गाडीवर छताचा मांडव, तंबू, जादा इंधनाच्या टाक्या चढवणाऱ्यांना तो उपाय सुचवला जातो आणि नीट मोजून केला तर तो उत्तम उपाय आहे. पण ‘नीट मोजून’ या दोन शब्दांवर सारे अवलंबून आहे. दांड्याचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा दांडा बसवला तर तो डोळ्यांना जेमतेम जाड दिसतो, पण ५७ टक्के अधिक ताठ असतो. ३० मिलिमीटरचा बसवला तर ताठरपणा दुपटीच्या वर जातो. पोकळ दांड्याचे गणित आणखी गमतीचे आहे. आतली पोकळी बाहेरच्या व्यासाच्या निम्मी असेल तर वजन पाव भागाने कमी होते आणि ताठरपणा मात्र जेमतेम सहा टक्क्यांनी. केवळ बोटांनी चाचपून किंवा वजन करून दांडा पारखणाऱ्याची म्हणूनच फसगत होते.

पुढचा आणि मागचा दांडा यांचा मेळ हा त्याहून नाजूक भाग. ज्या बाजूचा दांडा ताठ केला जातो त्या जोडीच्या बाहेरच्या चाकावर वळणात अधिक भार सरकतो आणि त्या जोडीची एकूण पकड घटते. फक्त मागचा दांडा जाड केला तर ओल्या वळणावर गाडीची शेपटी सुटते. फक्त पुढचा केला तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. जुलै महिन्यात धुक्याने भरलेल्या चोर्ला घाटात किंवा ट्रकांच्या रांगेत अनमोडची वळणे उतरताना यांतले काहीही परवडणारे नाही. बेळगाव आणि गोवा यांच्यामध्ये रोज ये-जा करणाऱ्यांना हे घाट किती क्षमा करतात ते वेगळे सांगायला नको. आधुनिक गाड्यांत ईएसपी ही यंत्रणा चाकांना स्वतंत्रपणे ब्रेक लावून घसरण आवरते. थारच्या वरच्या आवृत्त्यांत ती उलटण्याला अटकाव करण्याच्या सोयीसह येते. पण तिचे सारे हिशेब कारखान्यातल्या मूळ स्प्रिंगा, टायर आणि दांडे गृहीत धरून बसवलेले असतात. खाली काय बदलले आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

कारखान्यांनाही हा मेळ सहज साधत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने अचानक अडथळा चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास चालवली आणि ती उलटली. कंपनीला विक्री थांबवावी लागली, विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या, सस्पेन्शनमध्ये बदल करावे लागले आणि ईएसपी सर्व गाड्यांत द्यावी लागली. मर्सिडीजसारख्या कंपनीच्या अभियंत्यांच्या हातून जे निसटले, ते शनिवारी दुपारी गॅरेजात अचूक बसेलच असे मानणे धाडसाचे आहे.

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मालकाला गाडीत असा कोणताही बदल करू देत नाही ज्यामुळे नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले आणि मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदणीस पात्र नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ आणले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शब्द कठोर आहेत. अडचण अशी, की नोंदणीपत्रात स्वे बारसाठी रकानाच नाही. तेथे इंजिन क्रमांक आहे, रंग आहे, आसनसंख्या आहे, वजन आहे. दांडा काढला तरी त्यातला एकही तपशील बदलत नाही. त्याच कायद्यात ‘बदल’ या शब्दाचे स्पष्टीकरण गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल असे दिले आहे. वळणावर गाडी कशी वागते हे मूळ वैशिष्ट्य मानायचे की नाही, यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतील. परिणाम असा होतो की जो मालक अभियंत्याकडून हिशेब करून घेऊन योग्य मापाचा दांडा आणि लांब लिंक रॉड बसवतो तो कागदोपत्री संशयित ठरतो, आणि जो लिंक रॉड काढून डिकीत टाकतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

न पाहण्याचेही कारण आहे. आपली अंमलबजावणी दिसणाऱ्या गोष्टींवर चालते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. पोलिस ती दुरून ओळखतात. पुढच्या बुल बारविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिले, तोही दिसतो. कर्कश सायलेन्सर तर ऐकूच येतो. पोटाखालचा दांडा पाहायला गाडी खड्ड्यावर घ्यावी लागते आणि हातात बॅटरी लागते. खासगी गाडी तर नोंदणीनंतर पहिली १५ वर्षे फिटनेस तपासणीसाठी जातच नाही. भाड्याच्या आणि प्रवासी गाड्यांना आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी जावे लागते, पण तेथेही ब्रेक, दिवे, धूर यांच्याकडे पाहिले जाते. गाडीचा कल मूळ रचनेशी जुळतो का, हा प्रश्न त्या तपासणीत येत नाही.

दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर गमावणाऱ्या या लहान राज्यात स्वे बारला सर्व अपघातांचे खापर फोडण्याचे कारण नाही. वेग, दारू, हेल्मेटचा अभाव आणि अंधारातले रस्ते ही कारणे मोठी आहेत आणि मोठीच राहतील. प्रश्न जोखीम कोण घेतो आणि कोणाच्या माथी मारतो याचा आहे. स्वतःच्या गाडीचा दांडा सोडवणाऱ्या हौशी मालकाला निदान आपण काय केले ते ठाऊक असते. भाड्याची थार घेणारा पर्यटक मात्र पहिल्यांदाच उंच गाडी हाती घेत असतो, मागच्या आसनांवर मित्र बसलेले असतात, रस्ता अनोळखी असतो आणि गाडीखाली काय आहे व काय नाही हे त्याला कोणी सांगत नाही. दुधसागरच्या वाटेवर जीपमध्ये बसणाऱ्या कुटुंबाचेही तसेच. तेथे वेग कमी असतो, चालक वाट ओळखतात, जुन्या पाट्यांच्या स्प्रिंगा मुळातच ताठ असतात; म्हणून तो धोका निराळ्या जातीचा. पण तीच गाडी दुपारनंतर मोलेच्या महामार्गावर आली की तिचे गणित बदलते.

विम्याचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. न कळवलेला बदल हे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवण्यासाठी कंपनीच्या हाती दिलेले आयते निमित्त आहे, आणि कारखान्याची हमी तर सस्पेन्शनला हात लावताच वादात पडते.

बदल सरसकट निषिद्ध ठरवणे हा एकमेव मार्ग नाही. जर्मनीत सस्पेन्शनचा बदल तज्ज्ञ तपासणी संस्थेकडून पाहून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतो. प्रमाणित सुटा भाग असेल तर त्याचे प्रमाणपत्र गाडीत ठेवावे लागते. ऑस्ट्रेलियात, जेथे ऑफरोडिंग ही हौस कमी आणि रोजची गरज जास्त, एका मर्यादेपर्यंतची उंची चालते आणि त्यापुढे मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. दोन्ही देशांत गृहीत एकच आहे: माणसे गाड्या बदलणारच, तेव्हा तो बदल उजेडात यावा.

भारतात अशी चौकट उभारायची तर ते काम दिल्लीचे आणि प्रमाण ठरवण्याचे काम पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे. पण राज्याला हात बांधून बसण्याचे कारण नाही. भाड्याने देण्याच्या गाड्या आणि अभयारण्यात प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्या सरकारी परवानगीवर चालतात. या दोन गटांच्या ठरलेल्या तपासणीतच दांडा जागेवर आहे का, लिंक रॉड जोडलेले आहेत का, बुश फाटलेले आहेत का आणि गाडीची उंची कारखान्याच्या मापाशी जुळते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. त्याला यंत्रसामग्री लागत नाही. खड्डा, बॅटरी, मोजपट्टी आणि दहा मिनिटे पुरतात. ज्यांना हिशेब करून बदल करायचा आहे त्यांच्यासाठी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेकडून तपासणी अहवाल घेण्याची वाट सुचवता येईल. त्या अहवालाला आज कायद्याचे बळ नसेल, पण मालकाच्या हाती आणि पुढे धोरण ठरवणाऱ्यांच्या हाती काही पुरावा तरी जमेल.

यावर आक्षेप येतील. टॅक्सीमालक म्हणतील, आधीच कागद कमी आहेत का? तो आक्षेप पोकळ नाही. राज्यात प्रत्येक नव्या तपासणीमागे एक नवी खिडकी आणि एक नवी रांग उभी राहते, हा अनुभव आहे. म्हणूनच वेगळा परवाना काढण्यापेक्षा आहे त्याच फिटनेस तपासणीत चार ओळी वाढवणे बरे. ऑफरोडिंग करणाऱ्या मंडळींचा आक्षेप वेगळा आहे. रानात दांडा सोडवावाच लागतो, त्याला गुन्हा ठरवू नका, असे त्यांचे म्हणणे असते आणि ते रास्त आहे. २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात भरत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमधल्या गाड्या पाहिल्या की चाक किती खाली लोंबू शकते आणि त्याने काय साधते ते कळते. पण त्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात, चालक पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो आणि डोक्यावर पोलादी पिंजरा असतो. ते दृश्य मोबाइलवर पाहून रस्त्यावरच्या गाडीत उतरवणे ही वेगळी गोष्ट.

हातांनी सोडवता-जोडता येणारे लिंक रॉड बाजारात मिळतात. रानाच्या तोंडाशी थांबून दोन पिना काढायच्या, परतताना त्याच जागी थांबून पुन्हा लावायच्या. वेळ लागतो पाच-दहा मिनिटांचा, आणि गुडघ्यांना चिखल लागतो. संध्याकाळी दमून परतणारा गट त्या दुसऱ्या थांब्यावर खरोखर थांबतो का, यावर बरेच काही ठरते. नियम करायचाच असेल तर तो या थांब्याचा करावा: डांबरी रस्त्यावर चाक टेकले की दांडा जोडलेला असलाच पाहिजे. असा एका ओळीचा नियम पोलिसालाही समजतो, फिटरलाही आणि गाडी भाड्याने देणाऱ्यालाही.